गल्प बिल्डमधलं प्लगिन ऑटो-लोडिंग: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

प्रोजेक्ट जुनाच आहे. एका मराठी मासिकाच्या वेबसाइटची थीम, आणि तिचं बिल्ड. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडमधून साइटवर जाणाऱ्या फाइल्स तयार करणं. त्यातलं सीएसएस, फॉन्ट, चित्रं हे सगळं गल्प ४ हे टूल करतं, जावास्क्रिप्टच्या फाइल्सचं बंडल रोलअप हे दुसरं टूल करतं. ही दोन्ही ज्यावर चालतात ते नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) अजून १४ वर आहे आणि १८ चा सपोर्टसुद्धा यंदा ३० एप्रिलला संपला, म्हणून मधल्या पायऱ्या सोडून थेट २२ वर जायचं ठरलंय. त्यासाठी गल्पफाइल उघडली.

गल्पफाइलमध्ये वरती एकच ओळ आहे. गल्प-लोड-प्लगिन्स, म्हणजे गल्पची प्लगिन (एकेक काम करणारी जोड-पॅकेजेस) आपोआप लोड करणारं पॅकेज, रिक्वायर केलंय म्हणजे फाइलमध्ये आणलंय, त्याला कॉल केलंय, आणि जे मिळालं ते $ मध्ये ठेवलंय. मग खाली सगळीकडे $.सास, $.ऑटोप्रिफिक्सर, $.रीनेम, $.इमेजमिन. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला मी ही फाइल वाचायला दिली होती, तिने दुपारी विचारलं, "ताई, हा डॉलर कुठून येतो? जेक्वेरी आहे का?" मी म्हटलं नाही गं, आणि समजवायला बसले, आणि समजवताना जाणवलं की तिचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. एडिटरमध्ये $.ऑटोप्रिफिक्सरवर कंट्रोल-क्लिक केलं तर काहीच उघडत नाही. आख्ख्या प्रोजेक्टमध्ये गल्प-ऑटोप्रिफिक्सर शोधलं तर ते फक्त पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, सापडतं, कोडमध्ये एकदाही नाही. म्हणजे नाव आणि पॅकेज यांना जोडणारा धागा कुठेच लिहिलेला नाही, तो फक्त चालू असताना तयार होतो.

त्यामुळे नोड अपग्रेडच्या कामातच हे पण घेतलं: ऑटो-लोडिंग ठेवायचं का, ठेवायचं तर कसं. रोजच्या नोंदी इथे लिहून ठेवतेय म्हणजे तिलाही वाचता येतील.

७ ऑक्टोबर

आज फक्त वाचन केलं. गल्प-लोड-प्लगिन्स नेमकं काय करतं ते सोर्स उघडून बघितलं, कारण रीडमी वाचून अर्धंच कळतं.

ते जवळचं पॅकेज.जेसन शोधतं. त्यातल्या डिपेन्डन्सीज (लागणारी पॅकेजेस), डेव्ह-डिपेन्डन्सीज (फक्त डेव्हलपमेंटला लागणारी) आणि पीअर-डिपेन्डन्सीज या तिन्ही याद्यांमधली नावं गोळा करतं. त्यातली गल्प-डॅश किंवा गल्प-डॉटने सुरू होणारी, आणि स्कोपमधली म्हणजे ॲट-कंपनी-स्लॅश-गल्प-काहीतरी अशी, एवढी निवडतं. पुढचा गल्प- हा भाग कापतं, उरलेलं नाव कॅमलकेस करतं, म्हणजे गल्प-क्लीन-सीएसएसचं क्लीनसीएसएस होतं. आणि मग प्रत्येक नावासाठी ऑब्जेक्टवर एक गेटर, म्हणजे ते नाव वापरलं की चालणारं फंक्शन, बसवतं. खरं रिक्वायर त्या गेटरच्या आत आहे. हॉटेलच्या मेनूकार्डासारखं, नावं सगळी छापलेली असतात पण ऑर्डर दिल्याशिवाय काही शिजत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची: यादी पॅकेज.जेसनमधून येते, डिस्कवरून नाही. पॅकेजेस जिथे इन्स्टॉल होतात तो नोड-मॉड्यूल्सचा फोल्डर ते चाळत बसत नाही. हे चांगलं आहे. कारण फोल्डर चाळला असता तर तुमच्या डिपेन्डन्सीच्या डिपेन्डन्सीच्या डिपेन्डन्सीमध्ये कुणी गल्प- नावाचं काही टाकलं तर तेही आपोआप आत आलं असतं, आणि पीएनपीएम (पॅकेज इन्स्टॉल करायचं एक टूल) वापरणाऱ्यांकडे फोल्डरची रचनाच वेगळी असल्यामुळे अर्ध्या गोष्टी सापडल्याच नसत्या. पण याचीच दुसरी बाजू अशी की नाव यादीत असेल आणि पॅकेज इन्स्टॉल नसेल, उदाहरणार्थ सर्व्हरवर कुणी डेव्ह-डिपेन्डन्सीज वगळून इन्स्टॉल केलं, तर सुरुवातीला सगळं छान चालतं आणि बिल्ड अर्ध्यावर आल्यावर कॅनॉट फाइंड मॉड्यूल म्हणून पडतं.

हे सगळं आलं कुठून तेही नवीन मुलीला सांगितलं, कारण २०१२-१३ चा ग्रंट, म्हणजे गल्पच्या आधीचं बिल्ड टूल, माहीत नसेल तर याची गरजच कळत नाही. ग्रंटमध्ये प्रत्येक प्लगिनसाठी लोड-एनपीएम-टास्क्स अशी एक ओळ लिहावी लागायची, ग्रंटफाइलच्या शेवटी अशा ओळींची रांगच असायची, आणि एखादी विसरली की टास्क नॉट फाउंड. मग लोड-ग्रंट-टास्क्स आलं, ते पॅकेज.जेसन वाचून सगळ्या ग्रंट-वाल्यांना एका ओळीत लोड करायचं. टायपिंग वाचलं पण वेळ वाढला, कारण साधं क्लीन चालवलं तरी इमेजमिन, सास, सगळं मेमरीत यायचं. त्यावर उपाय म्हणून जिट-ग्रंट आलं, ते टास्कच्या नावावरून पॅकेजचा अंदाज बांधायचं आणि लागेल तेवढंच लोड करायचं. यूजमिन-प्रिपेअर नावाचं टास्क मात्र ग्रंट-यूजमिनमध्ये राहतं, तिथे अंदाज चुकायचा, मग हाताने मॅपिंग द्यावं लागायचं. म्हणजे आपोआप लोड करायला गेलं की शेवटी एक छोटी यादी हाताने लिहावीच लागते, हे तेव्हापासून दिसतंय. मला वाटतं हीच या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि उरलेल्या कामात मी हीच डोक्यात ठेवणार आहे.

९ ऑक्टोबर

क्लीन टास्क फक्त एक फोल्डर पुसतं तरी सुरू व्हायला उगाच वेळ घेतं, त्याच्या मागे लागले. लेझी गेटर आहेत, म्हणजे लागेल तेव्हाच लोड करणारे, तर क्लीनने इमेजमिन का लोड करावं?

नोडला सीपीयू-प्रॉफ फ्लॅग देऊन प्रोफाइल काढलं, क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये उघडलं. सगळे प्लगिन सुरुवातीलाच लोड होत होते. कारण दोन ठिकाणी सापडलं, दोन्ही या प्रोजेक्टच्या जुन्या काळातली.

एक म्हणजे एका टास्क फाइलच्या डोक्यावर डीस्ट्रक्चरिंग होतं, कर्ली ब्रॅकेटमध्ये सास, रीनेम, इमेजमिन वगैरे सगळी नावं आणि बरोबरच्या उजवीकडे लोड-प्लगिन्सचा कॉल. दिसायला नीटनेटकं, पण डीस्ट्रक्चर करणं म्हणजेच प्रत्येक गेटरला हात लावणं, त्यामुळे त्या ओळीला सगळं लोड होतं आणि लेझीपणा तिथेच संपतो. दुसरं जास्त लपलेलं होतं. एका हेल्पर फाइलमध्ये $ चं स्प्रेड करून, म्हणजे त्यातलं सगळं नवीन ऑब्जेक्टमध्ये ओतून, त्यात डेल आणि ब्राउझरसिंक ही पॅकेजेस मिसळून एक मोठा टूल्स ऑब्जेक्ट बनवलेला. स्प्रेड कॉपी करताना गेटरची कॉपी करत नाही, गेटर चालवून आलेली व्हॅल्यू घेतं. ऑब्जेक्ट.व्हॅल्यूजचं तेच, ऑब्जेक्ट.एन्ट्रीजचं तेच. कन्सोल.लॉग मात्र सुरक्षित आहे, नोड तिथे नुसतं गेटर असं छापतं, चालवत नाही. त्यामुळे लॉग करून बघणाऱ्याला वाटतं सगळं लेझीच आहे आणि दोन ओळी खाली स्प्रेडने सगळं आधीच उठवलेलं असतं.

दोन्ही काढलं. क्लीन आता लगेच चालतं.

लेझी लोडिंग वापरणाऱ्या कुणालाही हे सांगेन: ऑब्जेक्ट आख्खा पास करा, त्यातलं नाव वापरायच्या जागीच काढा.

१३ ऑक्टोबर

नोड २२ टाकलं. अपेक्षेप्रमाणे पहिला अडथळा नोड-सास, म्हणजे सास या भाषेतून सीएसएस बनवणारं जुनं पॅकेज. ते सी-प्लस-प्लसवर बांधलेलं, प्रत्येक नोड व्हर्जनला वेगळी बाइनरी लागते, आणि त्याच्या खालचं लिबसास २०२० मध्येच डेप्रिकेट झालंय. त्यावर वेळ घालवायचा नाही, सरळ डार्ट सास म्हणजे सास नावाचं पॅकेज घेतलं आणि गल्प-सास ५ वर नेलं.

आता गंमत अशी की गल्प-सास ५ मध्ये डीफॉल्ट कंपायलर नाही. आधी त्या फंक्शनला कॉल करून कंपायलर द्यायचा आणि मग जे मिळेल ते पाइपमध्ये, म्हणजे फाइल एकेका प्लगिनमधून जाते त्या साखळीत, वापरायचं. ऑटो-लोडरला हे माहीत असायचं कारण नाही, तो बिचारा नुसतं रिक्वायर करून देतो, आणि $.सास वापरलं की एरर येतो की कंपायलर सेट करा. यासाठी पोस्ट-रिक्वायर-ट्रान्सफॉर्म्स नावाचा ऑप्शन आहे, नावानुसार एक फंक्शन द्यायचं, लोड झालेलं मॉड्यूल त्यातून जाऊन बाहेर येतं. तिथे सासला कंपायलर भरवला, चाललं.

मग वाटलं सास पॅकेजसुद्धा $ मधूनच घ्यावं, पॅटर्नमध्ये (कुठली नावं उचलायची ते सांगणारा ऑप्शन) सास आणि डेल अशी दोन नावं वाढवून. पण वाचलेलं आठवलं, गल्प-सासचं गल्प- कापलं की सास उरतं आणि सासचं तर सासच, दोघांचं नाव एकच होणार आणि लोडर प्रॉपर्टी डिफाइन करता येत नाही म्हणून थांबणार. रीनेम टेबलमध्ये एकाला दुसरं नाव देता येतं. म्हणजे झालं काय, एक ओळीचा लोडर होता तो आता पॅटर्न, रीनेम आणि ट्रान्सफॉर्म असे तीन ऑप्शन घेऊन उभा आहे. प्रत्येक ऑप्शन योग्य आहे, मला एकाबद्दलही तक्रार नाही, पण वाचणाऱ्याला $.सास समजायला आता चार ठिकाणं बघावी लागतात.

१५ ऑक्टोबर

ईएसएम, म्हणजे ईएस मॉड्यूल, जावास्क्रिप्टची नवीन इम्पोर्टवाली पद्धत; जुनी रिक्वायरवाली ती सीजेएस. हे येणारच होतं.

गल्प-इमेजमिन ८ पासून आणि गल्प-ऑटोप्रिफिक्सर ९ पासून ही पॅकेजेस फक्त ईएस मॉड्यूल म्हणून येतात. जुन्या नोडवर अशांना रिक्वायर केलं की ईआरआर-रिक्वायर-ईएसएम. म्हणूनच इतकी वर्षं प्रोजेक्टमध्ये जुनी व्हर्जन्स पिन करून ठेवलेली होती, आणि गल्प वापरणाऱ्या बऱ्याच टीम याच ठिकाणी अडकल्या असणार.

नोड २२.१२ मध्ये म्हणजे डिसेंबर २०२४ ला हे बदललं. आता रिक्वायरने ईएसएम लोड होतं, फ्लॅग लागत नाही, २०.१९ मध्येही ते आलंय. अट एवढीच की त्या मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या खाली कुठे टॉप-लेव्हल अवेट (फंक्शनच्या बाहेर लिहिलेला, काम होईपर्यंत थांबवणारा अवेट) नसावा, असेल तर वेगळा एरर येतो. त्यामुळे लोडर फुटला नाही. पण $.ऑटोप्रिफिक्सर इज नॉट अ फंक्शन असं आलं. कारण रिक्वायर आता आख्खा नेमस्पेस ऑब्जेक्ट देतं, फंक्शन त्याच्या डीफॉल्ट प्रॉपर्टीत आहे. परत पोस्ट-रिक्वायर-ट्रान्सफॉर्म्समध्ये जाऊन ऑटोप्रिफिक्सर आणि इमेजमिनसाठी डीफॉल्ट काढून द्या.

मग दुसरा विचार, गल्पफाइलच एमजेएस, म्हणजे ईएसएमवाली, केली तर? गल्पला ते चालतं. पण लोडरच्या आमच्याकडच्या व्हर्जनमध्ये तो स्वतःला कुणी बोलावलं हे मॉड्यूल.पेरेंटवरून ओळखतो, त्यावरूनच जवळचं पॅकेज.जेसन कुठे आहे ते ठरवतो. ईएसएममधून इम्पोर्ट केलं तर मॉड्यूल.पेरेंट अनडिफाइन्ड असतं, नोडने ही प्रॉपर्टीच डेप्रिकेट केलीये. क्रिएट-रिक्वायर वापरून लोडर आणला तर पेरेंट मिळतं आणि चालतं. चालतं, पण आता एका ओळीची सोय टिकवायला मी तिच्याभोवती आधार उभे करतेय. हा लोडर ज्या काळात बनला त्या काळात सगळी पॅकेजेस एकाच तऱ्हेने एक्सपोर्ट व्हायची, मॉड्यूल म्हणजे एक फंक्शन, आणि तेव्हा तो अगदी चपखल बसायचा. लिहिणाऱ्यांनी फार नेमकं काम केलंय, सोर्स वाचताना कौतुकच वाटतं. पण त्याच्याखालची जमीन बदलली.

१६ ऑक्टोबर

गल्प ५ वर नेलं. टास्कची रचना आधीच सीरीज-पॅरलल (एकामागोमाग किंवा एकाच वेळी) पद्धतीची असल्यामुळे तिथे काही बदलावं लागलं नाही. बिल्ड हिरवं. दिवाळीनंतर बघू.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टीनंतर पहिलाच फोन मासिकाकडून, टेस्ट साइटवर अक्षरं वेगळी दिसतायत. वेगळी म्हणजे तुटकी नाही, जोडाक्षरं नीट, मजकूर नीट, पण लेखाचा चेहरा बदललाय आणि ओळींमधलं अंतर हललंय.

मासिकाचा फॉन्ट मुक्ता आहे, मुंबईच्या एक टाइपचा, आणि आम्ही त्याच्या डब्ल्यूओएफएफ-२ फाइल्स स्वतःच होस्ट करतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये होतंच, फेल्ड टू डिकोड डाउनलोडेड फॉन्ट. म्हणजे मुक्ता लोड होत नव्हता आणि फोन आपापला सिस्टिमचा देवनागरी फॉन्ट वापरत होता. मराठी मजकुरात हे पटकन पकडता येत नाही, कारण पर्यायी फॉन्ट चांगलाच असतो, चौकोन दिसत नाहीत, फक्त ज्यांनी तो अंक रोज डोळ्याखालून घातलाय त्यांनाच कळतं. संपादकांच्या नजरेला सलाम.

सगळ्यांचा पहिला संशय लोडरवर गेला कारण गेले कित्येक दिवस त्याचीच चर्चा. पण फॉन्टचं टास्क एकही प्लगिन वापरत नाही, नुसतं सोर्समधून उचलून डिस्टमध्ये, म्हणजे तयार फाइल्सच्या फोल्डरमध्ये, टाकतं. मग दोन्हीकडच्या फाइल्सची साइज बघितली. डिस्टमधली मोठी होती. नुसती कॉपी करताना फाइल वाढते म्हणजे मधे कुणीतरी तिला टेक्स्ट समजून वाचतंय. फाइल कमांड विचारली तर ती अजूनही वेब ओपन फॉन्ट फॉरमॅटच सांगत होती, कारण पहिली चार बाइट्स साधी एएससीआयआय असतात आणि ती शाबूत राहतात. हेक्समध्ये पुढे बघितलं तर जागोजागी ईएफ बीएफ बीडी, ईएफ बीएफ बीडी. यूटीएफ-८ मध्ये न बसणाऱ्या बाइटच्या जागी रिप्लेसमेंट कॅरेक्टर बसलंय, एकाच्या जागी तीन.

गल्प ५ मध्ये सोर्स वाचताना डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ झालंय, हे त्याचं कारण. फॉन्ट, चित्रं, पीडीएफ अशा कुठल्याही बाइनरीसाठी गल्पच्या फाइल वाचणाऱ्या सोर्स (src) फंक्शनच्या ऑप्शन्समध्ये एन्कोडिंग फॉल्स द्यावं लागतं. फॉन्ट आणि चित्रं दोन्ही टास्कमध्ये टाकलं, साइज जुळली, मुक्ता परत आला. सोबत बिल्डच्या शेवटी एक छोटी तपासणी पण लावली, फॉन्ट फाइल्सचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) सोर्स आणि डिस्टमध्ये सारखाच हवा, नाहीतर बिल्ड फेल. वाचकांना दिसणाऱ्या गोष्टीवर मशिनचीही नजर हवी.

२९ ऑक्टोबर

काल नोड २४ एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन, झालं. आम्ही २२ वरच राहतोय, पण सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर बिल्ड आपोआप चालवून तपासणारी व्यवस्था) दोन्हीवर चालवायला सुरुवात केली.

आज टीममधल्या नवीन मुलीने विचारलं, रोलअपचे प्लगिन पण असेच आपोआप लोड करता येतील का, कॉन्फिगमध्ये इम्पोर्टची रांग आहे. चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर शोधताना मलाच बराच उलगडा झाला.

गल्पमध्ये प्लगिनला स्वतःचा क्रम नसतो. तो नुसता $ मध्ये पडून असतो, तुम्ही पाइपमध्ये जिथे ठेवाल तिथे त्याची जागा. म्हणून यादी कुठल्याही क्रमाने आली तरी फरक पडत नाही, आणि म्हणूनच ऑटो-लोडिंग तिथे इतकी वर्षं टिकलं. रोलअपमध्ये, आणि तशीच प्लगिन पद्धत असलेल्या वीट (Vite) या टूलमध्ये, प्लगिन्स म्हणजे एक ॲरे आहे आणि त्या ॲरेचा क्रम हाच अर्थ आहे. आता पॅकेज.जेसनमधला क्रम काय असतो? एनपीएम इन्स्टॉल करताना एनपीएम यादी अक्षरांनुसार लावतं. म्हणजे ऑटो-लोडर तुम्हाला आल्फाबेटिकल क्रम देणार. रोलअपच्या बॅबेल प्लगिनच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की कॉमनजेएस प्लगिन त्याच्या आधी हवा. अक्षरांनुसार बॅबेल आधी, कॉमनजेएस नंतर. म्हणजे नेमका उलटा. सीएसएसवर प्रक्रिया करणाऱ्या पोस्ट-सीएसएसचंही तसंच, पोस्टसीएसएस-इम्पोर्ट पहिला ठेवा असं ते स्वतः सांगतात आणि ऑटोप्रिफिक्सर, सीएसएसनॅनो हे दोन्ही अक्षरांनी त्याच्या पुढे उभे.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा असेल तिथे आपोआप लोड नको, हा नियम पक्का केला. रोलअपच्या कॉन्फिगला हात लावला नाही, इम्पोर्टची रांग तशीच राहील आणि ती वाचायला मला आवडते सुद्धा.

संध्याकाळी बाकीची टूल्स काय करतायत ते बघितलं, कारण हा प्रश्न आमच्या एकट्यांचा नाही. कोडची मांडणी नीट करणाऱ्या प्रिटियरमध्ये नोड-मॉड्यूल्समध्ये शोधून प्लगिन आपोआप घ्यायची सोय होती, जुलै २०२३ च्या ३.० मध्ये ती काढून टाकली, आता प्लगिन्सची यादी लिहावी लागते. कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या ईएसलिंटमध्ये आधी नुसतं नाव लिहायचं आणि तो पुढे ईएसलिंट-प्लगिन लावून शोधायचा, एप्रिल २०२४ च्या ९ व्हर्जनपासून फ्लॅट कॉन्फिग डीफॉल्ट आहे आणि तिथे प्लगिन स्वतः इम्पोर्ट करून ऑब्जेक्ट द्यायचा. सगळे एकाच दिशेने चाललेत, अंदाज बांधण्याकडून सांगून टाकण्याकडे.

३ नोव्हेंबर

ठरवलं. गल्प-लोड-प्लगिन्स काढतेय, पण त्याच्याकडून लेझी लोडिंग ठेवून घेतेय कारण ते खरंच उपयोगाचं आहे.

नवीन फाइल, प्लगिन्स.एमजेएस. त्यात एक ऑब्जेक्ट, डावीकडे आपण वापरतो ते नाव, उजवीकडे एक छोटं ॲरो फंक्शन आणि त्यात डायनॅमिक इम्पोर्ट, पॅकेजचं पूर्ण नाव लिहून. ऑटोप्रिफिक्सरच्या पुढे गल्प-ऑटोप्रिफिक्सर, आणि तिथेच डीफॉल्ट काढायचा. सासच्या पुढे गल्प-सास आणि तिथेच कंपायलर द्यायचा. म्हणजे पॅटर्न, रीनेम, ट्रान्सफॉर्म हे तिन्ही ऑप्शन जे काम करत होते ते आता एकेका ओळीत, नावाच्या शेजारी. शोधलं की सापडतं. कंट्रोल-क्लिक केलं की उघडतं. सीजेएस असो वा ईएसएम, डायनॅमिक इम्पोर्टला दोन्ही चालतात, टॉप-लेव्हल अवेटसुद्धा चालतो.

अडचण एकच होती आणि ती जरा बारकाईने सांगते, कारण डायनॅमिक इम्पोर्टकडे वळणाऱ्या प्रत्येकाला ही लागणार. इम्पोर्ट प्रॉमिस देतं, म्हणजे मॉड्यूल लगेच नाही, नंतर मिळेल असा वायदा. मग सहज मनात येतं की टास्कचं फंक्शन असिंक करावं, आत अवेट करून प्लगिन घ्यावा आणि नेहमीसारखी स्ट्रीम (पाइपमधून वाहणाऱ्या फाइल्सचा प्रवाह) रिटर्न करावी. असं केलं की गल्पला स्ट्रीम दिसतच नाही, त्याला प्रॉमिस दिसतं, प्रॉमिस स्ट्रीम हातात आली की लगेच रिझॉल्व्ह होतं, आणि फाइल्स अजून लिहिल्या जात असतानाच गल्प फिनिश्ड छापून पुढच्या टास्कला सुरुवात करतं. छोट्या फाइल्सवर सगळं ठीक चालल्यासारखं दिसतं आणि मोठ्या फाइलवर पुढच्या टास्कला अर्धीच सीएसएस मिळते.

म्हणून दोन पावलं वेगळी केली. नीड नावाचं एक फंक्शन, त्याला नावं द्यायची, ते असिंक टास्क बनवून देतं जे तेवढेच प्लगिन इम्पोर्ट करून एका मॅपमध्ये ठेवतं. मग स्टाइल्स म्हणजे सीरीज, पहिलं पाऊल नीड सास आणि ऑटोप्रिफिक्सर, दुसरं पाऊल जुनंच स्ट्रीम रिटर्न करणारं फंक्शन, अजिबात असिंक नाही. जुन्या टास्कचा आतला कोड जवळपास आहे तसाच राहिला. शिवाय कुठल्या टास्कला काय लागतं हे त्याच्या डोक्यावरच लिहिलेलं दिसतं, जे आधी कधीच दिसत नव्हतं, आणि एखाद्याने नीडमध्ये न सांगता प्लगिन मागितला तर मॅप तिथल्या तिथे नावानिशी एरर देतो.

तिला ही फाइल दाखवली, काही न सांगता. तिने वाचली आणि लगेच म्हणाली की स्प्राइटवाला प्लगिन यात आहे पण कुठल्याच नीडमध्ये नाही. बरोबर होतं.

६ नोव्हेंबर

त्यावरून आजचं काम निघालं, न वापरलेले प्लगिन.

लेझी ऑटो-लोडिंगमध्ये हे साचत जातं. प्लगिन वापरणं बंद झालं तरी नाव पॅकेज.जेसनमध्ये राहतं, गेटर बसतो, कुणी हात लावत नाही म्हणून कधी तुटत नाही, आणि तुटत नाही म्हणून कुणाला आठवतही नाही. न वापरलेली पॅकेजेस शोधणाऱ्या टूल्सनाही हे अवघड जातं, कारण कोडमध्ये पॅकेजचं नावच नसतं, डेपचेकमध्ये तर गल्प-लोड-प्लगिन्ससाठी वेगळी खास तरतूद करावी लागलीये. आता आमच्याकडे टेबल आहे, त्यामुळे साधी तुलना पुरते. स्प्राइट काढला, गल्प-यूटिल काढलं, जुनं मिनिफायर काढलं.

हे नुसतं नीटनेटकेपणासाठी नाही. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीमच्या ३.३.६ मध्ये जे झालं ते गल्पच्याच दुनियेतलं होतं, स्ट्रीमवाली कितीतरी प्लगिन्स त्यावर उभी होती, नवीन माणसाकडे देखभाल गेली आणि त्याने एक दुसरं पॅकेज आत ओढलं ज्यात बिटकॉइन वॉलेट चोरणारा कोड होता. आणि याच वर्षी सप्टेंबरमध्ये चॉक आणि डीबगसारखी अगदी सगळीकडे असणारी पॅकेजेस फिशिंगमधून हातात घेऊन त्यात कोड घुसवला गेला. जे पॅकेज आपण वापरतच नाही ते आपल्या मशिनवर कशासाठी असावं? इन्स्टॉल होतानाच त्याच्या स्क्रिप्ट चालू शकतात, लेझी गेटर तिथे काहीच वाचवत नाही. लॉकफाइल (पॅकेजेसची नेमकी व्हर्जन्स बांधून ठेवणारी फाइल) आणि तिच्याप्रमाणेच इन्स्टॉल करणारं एनपीएम सीआय तर आहेच, पण यादीच लहान असणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

सीआयमध्ये एक तपासणी वाढवली. टेबलमधल्या प्रत्येक पॅकेजवर इम्पोर्ट.मेटा.रिझॉल्व्ह चालवायचं, ते लोड न करता फक्त पॅकेज सापडतंय का सांगतं, नसेल तर एरर. म्हणजे अर्ध्या बिल्डवर पडायचं ते आता सुरुवातीलाच कळतं. त्यासाठी पॅकेजची नावं वेगळ्या ॲरेत ठेवायचा मोह होता पण मग दोन याद्या झाल्या असत्या आणि दोन याद्या कधीतरी वेगळ्या होतातच, म्हणून प्रत्येक एन्ट्री नाव आणि लोड अशी जोडी केली आणि दोन्ही एकाच ओळीत ठेवलं. नाव दोनदा लिहावं लागतं, पण शेजारी शेजारी, डोळ्यासमोर.

१० नोव्हेंबर, सोमवार

मर्ज झालं. नोड २२ आणि २४ दोन्हीवर हिरवं. मासिकाकडून नवीन अंकाची पानं बघून ठीक आहे असा निरोप आला.

उरलेलं: सासचे ॲट-इम्पोर्ट डेप्रिकेट झालेत, १.८० पासून प्रत्येक बिल्डला वॉर्निंगचा ढीग येतो, ते यूज आणि फॉरवर्डवर न्यायचे. हे तिच्याकडे दिलंय, ती व्हेरिएबल्सच्या फाइलपासून सुरू करणार आहे. इमेजमिनच्या जागी शार्प ही चित्रांची लायब्ररी थेट वापरायचा का ते मी बघतेय, मग टेबलमधली ती ओळ पण जाईल. आणि ऑफिसमधल्या दुसऱ्या दोन थीम अजून गल्प-लोड-प्लगिन्सवर आहेत, त्यातली एक फक्त सास आणि रीनेम वापरते आणि नोड बदलायची तिला घाई नाही, तिथे तो लोडर जसा आहे तसाच राहू दे, फक्त पॅटर्नमध्ये काही वाढवायचं नाही असं रीडमीमध्ये लिहून ठेवलं.